दक्षिणा फेलो : शिकता शिकता शिकविणाऱ्यांची परंपरा

वेरूळच्या कैलास लेण्यापुढे उभा राहणारा प्रवासी प्रथम त्याच्या आकारानेच दिङ्मूढ होतो. सुमारे पावणेतीनशे फूट लांब आणि दीडशे फूट रुंद असे प्रांगण, मागील बाजूस शंभर फुटांहून अधिक उंचीचा तुटलेला कडा, आणि मध्यभागी एकाच खडकातून वरून खाली कोरीत आणलेले शिवमंदिर! पहिला विस्मय ओसरला म्हणजे कोणत्याही विचारी माणसाच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहतो : हे काम करणाऱ्यांना ते शिकविले कोणी? शिल्पशास्त्राचे ग्रंथ असतील. परंतु छिन्नी किती कोनात धरावी, खडकातील भेग कशी ओळखावी, कोठे हात आखडावा, हे ग्रंथात सापडत नाही. ते जाणत्या कारागिराच्या शेजारी बसून, त्याच्याच दगडावर हात चालवून शिकावे लागते. शिकणारा आणि शिकविणारा एकाच कामावर एकाच वेळी असणे, हीच तेथील पाठशाळा होय.

या लेण्याचा कर्ता कोणता राजा, याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत विद्वानांत एकमत नव्हते. राष्ट्रकूट घराण्याच्या गुजरातेतील शाखेचा राजा कर्क याने शके 734, म्हणजे इसवी सन 812-13 मध्ये दिलेला एक ताम्रपट बडोद्यास सापडला होता. त्याचा मजकूर पूर्वीच छापला गेला होता. पण त्यातील एका स्थळाचा खरा अर्थ लागला नव्हता. कृष्णराजाने एलापुरी जे मंदिर उभारिले, ते पाहून विमानांतून जाणाऱ्या देवांनाही ते मानवी हाताचे वाटेना, आणि ज्या कारागिराने ते घडविले त्यालाही हे आपल्या हातून कसे झाले याचे नवल वाटले, असे वर्णन त्यात आहे. हे एलापूर म्हणजेच वेरूळ, आणि हे मंदिर म्हणजेच कैलास, असा उलगडा 1883 मध्ये डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी केला. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दक्षिणेच्या प्राचीन इतिहासात राष्ट्रकूट राजांची परंपरा सुसंगतपणे मांडलेली आहे.

संस्कृताचा हा महापंडित आपल्या उमेदवारीच्या काळात ‘दक्षिणा फेलो’ होता. स्वतः पदवीचा अभ्यास करावयाचा आणि त्याच वेळी कॉलेजातील खालच्या वर्गांस शिकवावयाचे, अशी ही योजना होती. शिकणारा तरुण आणि मुरलेला अध्यापक यांची एकाच वर्गात सांगड घालण्याचे जे प्रयोग पुढे देशोदेशी झाले, त्यांचे एक जुने मूळ महाराष्ट्रात आढळते ते असे. ही योजना कशी उगवली, तिने काय साधले आणि काय तिच्या हातून निसटले, हा इतिहास पाहण्याजोगा आहे.

मुलाने मुलास शिकवावे ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. पंतोजीच्या शाळेत चाळीस-पन्नास मुले एकाच पडवीत बसत, आणि पुढे गेलेला मुलगा मागच्या मुलांकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेई. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्रू बेल नावाचा एक पाद्री मद्रास येथे अनाथ मुलांची शाळा चालवीत होता. देशी मुले वाळूत अक्षरे काढताना पाहून त्याने तीच रीत आपल्या शाळेत सुरू केली, थोरल्या मुलांना धाकट्यांचे शिक्षक केले आणि 1797 मध्ये तिचे वर्णन इंग्लंडात प्रसिद्ध केले. तेथे ती ‘मद्रास पद्धती’ या नावाने गाजली, आणि काही वर्षांनी सरकारी विद्येचा शिक्का घेऊन पुन्हा हिंदुस्थानात परत आली! परंतु ही व्यवस्था अक्षरे आणि पाढे यांपुरती होती. पदार्थविज्ञान, रसायन, ज्योतिष यांसारखी शास्त्रे, जी शिक्षकालाच नवी होती, ती कशी शिकवावयाची हा प्रश्न निराळा होता.

तो प्रश्न मुंबईत उभा राहिला. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन 1827 मध्ये गव्हर्नरपद सोडून गेले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी वर्गणी जमविली आणि तिच्यातून प्राध्यापक नेमावयाचे ठरले. 1835 च्या सुमारास आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार आणि जॉन हार्कनेस हे दोघे विलायतेहून आले. ऑर्लेबार यांच्याकडे गणित व सृष्टिशास्त्र हे विषय होते. त्यांच्या जोडीस साहाय्यक प्राध्यापक म्हणून होते बाळशास्त्री जांभेकर, ‘दर्पण’ पत्राचे संपादक. बाळशास्त्र्यांचे वय त्या वेळी अवघे विशी-पंचविशीतले. ते स्वतः अखंड विद्यार्थी होते. आणि जे आज वाचावे ते उद्या वर्गात सांगावे, असा त्यांचा क्रम होता.

या जोडीला कुलाब्याची वेधशाळा ही दुसरी शाळा लाभली. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये बांधलेल्या या वेधशाळेत 1841 पासून चुंबकशक्ती व हवामान यांची नियमित निरीक्षणे होऊ लागली, आणि ती ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली चालत. तेथे केरो लक्ष्मण छत्रे हा कोकणातून आलेला तरुण कामास लागला. यंत्राजवळ बसावे, घटका-घटकेचे आकडे टिपावे, आणि त्या आकड्यांचा अर्थ वरिष्ठांकडून समजून घ्यावा, असे त्याचे शिक्षण झाले. पुढे हेच केरूनाना पुण्यास गणित व सृष्टिशास्त्र यांचे नामांकित अध्यापक झाले. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा त्यांचा ग्रंथ 1860 मधला. आणि डेक्कन कॉलेजात त्यांच्यापाशी गणित शिकलेल्या विद्यार्थ्यांत बाळ गंगाधर टिळक होते. ऑर्लेबार, जांभेकर, छत्रे, टिळक ही साखळी पाहिली म्हणजे एका वेधशाळेतील एका उमेदवाराचे मोल ध्यानी येते.

बाळशास्त्र्यांना एक गोष्ट लवकर उमगली होती. मुंबईच्या चार भिंतींत शास्त्रे शिकविली तरी जिल्ह्याच्या गावी ती पोहोचविणारा पंतोजी तयार झाल्यावाचून हे ज्ञान रुजावयाचे नाही. म्हणून 1845 मध्ये शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला, तेव्हा त्याची जबाबदारी त्यांनी पत्करली. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी, 1846 मध्ये, वयाच्या ऐन तारुण्यात ते निवर्तले. मराठीत शास्त्रीय पुस्तकांचीही त्या वेळी उणीवच होती. हरी केशवजी यांनी रसायनावरील एक संवादात्मक इंग्रजी पुस्तक मराठीत उतरविले, ते जेन मार्सेट या बाईंचे. हेच मूळ पुस्तक लंडनमध्ये पुस्तकबांधणीचे काम शिकणाऱ्या एका गरीब मुलाच्या हाती पडले होते आणि त्याला शास्त्राची गोडी लागली होती. तो मुलगा म्हणजे मायकेल फॅरडे. त्या पुस्तकाची मांडणीही बोधप्रद आहे : एक शिक्षिका, दोन शिष्या, आणि प्रयोग करता करता चाललेले बोलणे.

बाळशास्त्र्यांच्या मागे ही जबाबदारी विद्यार्थ्यांनी आपण होऊन उचलली. 1848 च्या जूनमध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व तरुण शिक्षक यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापिली. तिच्या मराठी शाखेचे, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष दादोबा पांडुरंग हे होते. या सभेत शास्त्रीय विषयांवर मराठीत निबंध वाचले जात, आणि 1850 पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकाच्या द्वारे असे लेख घरोघर जाऊ लागले. पण सोसायटीचे खरे धाडस निराळेच. 1849 मध्ये तिच्या सभासदांनी मुलींच्या शाळा उघडल्या, आणि आरंभी तेथे हे तरुण स्वतःच विनावेतन शिकवीत. आपल्या अभ्यासाचे तास सांभाळून ते सकाळी गल्लीबोळांतल्या या शाळांत जात. नाना शंकरशेट यांनी या कार्यास आश्रय दिला. शिकविणाऱ्यांत दादाभाई नौरोजी हे अग्रणी होते. तेच पुढे एल्फिन्स्टन येथे गणित व सृष्टिशास्त्र यांचे प्राध्यापक झाले. त्याच संस्थेत शिकून तेथेच शास्त्रविषयांचे साहाय्यक शिक्षक झालेले भाऊ दाजी लाड हे 1851 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडले, आणि रोग्यांची सेवा करीत असतानाच अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेख वाचण्यात त्यांनी मोठे यश मिळविले.

हे सर्व स्वयंस्फूर्तीचे होते. त्याला निधीचे बळ नव्हते. ते बळ आले पुण्याहून, आणि अगदी अनपेक्षित मार्गाने. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची चाल होती. मुळात ती दाभाड्यांनी तळेगावी सुरू केली. पुढे पेशव्यांनी ती पुण्यात चालविली आणि तिचा खर्च लाखांच्या घरात गेला. 1818 मध्ये राज्य बुडाले, तरी एल्फिन्स्टन यांनी लोकमत दुखवू नये म्हणून वर्षाला पन्नास हजार रुपये या कामी ठेवले. 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, तिलाही याच निधीचा आधार होता. परंतु काळ पालटला होता. घोकलेल्या ऋचांसाठी द्रव्य द्यावयाचे, आणि मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यास मात्र कवडी नाही, हे नव्या पिढीस सलू लागले. 1849 च्या सुमारास गोपाळराव हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आदी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की या निधीचा काही भाग मराठी ग्रंथकारांस मिळावा. शास्त्रीमंडळींत क्षोभ उसळला. अर्जदारांस मारहाण होईल अशी भीती उत्पन्न झाली. त्या प्रसंगी जोतीराव फुले यांनी महार-मांग समाजांतील शेदोनशे माणसे पाठीशी उभी केली आणि सुधारकांचे संरक्षण केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्यांना त्या दक्षिणेचा एक पैसाही कधी मिळावयाचा नव्हता, त्यांनीच ती विद्येकडे वळविणाऱ्यांची पाठराखण केली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

अर्जाचा परिणाम झाला. 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली आणि मराठी ग्रंथांस बक्षिसे मिळू लागली. त्याच वर्षी संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज झाले. 1868 मध्ये ते येरवड्याच्या बाजूस नव्या इमारतीत गेले. त्यासच डेक्कन कॉलेज म्हणू लागले. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर निधीतील आणखी काही भागातून होतकरू विद्यार्थ्यांस फेलोशिप देण्याची व्यवस्था करण्यात आली. फेलोने पदवीचा वा पुढील परीक्षेचा अभ्यास करावा, आणि दररोज काही वेळ खालच्या वर्गास शिकवावे. मासिक वेतनामुळे गरीब विद्यार्थ्यास घरचा भार वाहून शिकता येई; कॉलेजास थोड्या खर्चात उत्साही साहाय्यक मिळे; आणि मुख्य अध्यापकाच्या नजरेखाली एक नवा शिक्षक तयार होई.

1859 च्या सुमारास भांडारकर असे फेलो झाले. त्यांच्या बरोबरीचे महादेव गोविंद रानडे हेही आधी कनिष्ठ आणि मग वरिष्ठ फेलो होते. 1862 मध्ये मुंबई विद्यापीठाचे जे पहिले चार पदवीधर बाहेर पडले त्यांत हे दोघे होते. दुसरे दोघे बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. शिक्षणखात्याचे डायरेक्टर हॉवर्ड यांच्या सूचनेवरून भांडारकर फेलो असतानाच संस्कृताकडे वळले. इंग्रजी शाळेत शिकलेला हा तरुण जुन्या शास्त्र्यांपाशी व्याकरण शिकला, आणि शिकविण्याच्या अनुभवातूनच पुढे त्याने शाळेतील मुलांसाठी संस्कृताची ती दोन सोपी पुस्तके रचिली, ज्यांवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या वाढल्या. ज्याला शिकताना काय अडले हे अजून आठवते, तोच दुसऱ्याची अडचण ओळखतो. फेलोशिपचे खरे सामर्थ्य येथे होते.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. हा निधी सुधारला तरी त्याचा ओघ कॉलेजापर्यंतच राहिला; गावच्या शाळेपर्यंत तो गेला नाही. फेलो झालेला हुशार तरुण पदवी मिळताच न्यायखात्यात, वकिलीत वा मामलतीत जाई. वर्ग हा त्याच्या वाटेवरचा एक मुक्काम असे, घर नसे. दुसरे असे, की विद्यापीठात सारे शिक्षण इंग्रजीतून झाल्याने शास्त्राचा अभ्यास मराठीपासून दूर गेला. 1850 च्या सुमारास ज्ञानप्रसारक सभेत मराठीतून शास्त्रचर्चा चाले, तिचा ओघ विद्यापीठाच्या काळात क्षीण झाला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील बाळाजी प्रभाकर मोडक यांच्यासारखे अध्यापक रसायन व पदार्थविज्ञान यांवर मराठीत पुस्तकामागून पुस्तक लिहीत राहिले. पण परीक्षेत ज्याला स्थान नाही ते वाचणार कोण? तिसरे असे, की ज्या समाजांनी 1849 मध्ये सुधारकांची पाठ राखिली, त्यांची मुले या फेलोंच्या वर्गात दीर्घकाळ क्वचितच दिसली.

आणि खुद्द वेरूळ? ते तर या सर्व हालचालींच्या सीमेपलीकडे, निजामाच्या राज्यात होते. तेथे राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने सर्व शास्त्रे एका देशी भाषेतून शिकविण्याचा मोठा उपक्रम केला आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते चालविले. त्या उपक्रमाचे महत्त्व नाकारता येत नाही. परंतु वेरुळच्या शेतकऱ्याच्या मराठी मुलास इंग्रजी जितकी परकी तितकीच ती उर्दूही अवघड होती. औरंगाबादेत 1915 मध्ये निघालेल्या सरस्वती भुवन संस्थेसारख्या शाळांनी मोठ्या कष्टाने आपले काम चालविले. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर हे चित्र पालटू लागले. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले; आणि 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. दक्षिणेच्या निधीने ज्यांना दारी उभे केले नाही, त्यांची मुले आता वेरुळपासून सात-आठ कोसांवर पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत उभी राहिली.

फेलोंच्या जुन्या कल्पनेला पुन्हा उजाळा मिळाला तो 1970 नंतर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञांना असे वाटू लागले, की शाळेतील विज्ञान सुधारावयाचे तर संशोधकाने शिक्षकाच्या शेजारी जाऊन उभे राहिले पाहिजे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये सोळा शाळांत एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो हाती घेतला. टाटा संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील अध्यापक व विद्यार्थी खेड्यातील शिक्षकांबरोबर बसून प्रयोग करीत, पाठ रचीत, आणि वर्गात काय फसले हे ऐकून ते पाठ पुन्हा लिहीत. मुले स्वतः प्रयोग करीत आणि परीक्षेत पुस्तक उघडून बसत! 1978 मध्ये हा कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात पसरला आणि 2002 मध्ये सरकारी निर्णयाने बंद झाला.

महाराष्ट्रात याच विचारातून 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. वि. गो. कुलकर्णी हे त्याचे प्रवर्तक. मुंबईच्या महापालिकेच्या शाळा आणि जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळा ही त्यांची आरंभीची कार्यक्षेत्रे. तेथील एक अनुभव फार बोलका आहे. मुलांना विज्ञान कळत नाही असे जेथे वाटत होते, तेथे पुष्कळदा पुस्तकातील भाषा कळत नव्हती. वाक्ये सोपी केली, संस्कृतप्रचुर परिभाषेचे ओझे हलके केले, तेव्हा त्याच मुलांची समज वाढलेली आढळली. ज्ञानप्रसारक सभेच्या तरुणांस जे 1850 मध्ये सहज उमगले होते, ते सव्वाशे वर्षांनी प्रयोगाने सिद्ध करावे लागले.

परदेशातही हीच वाट चोखाळली गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने 1999 मध्ये एक शिष्यवृत्ती काढली. शास्त्रविषयांत उच्च पदवीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने शाळेतील एका विज्ञानशिक्षकाशी जोडी करावयाची आणि त्याच्या वर्गात ठरावीक वेळ काम करावयाचे, अशी तिची अट होती. शिक्षकास नव्या संशोधनाची ओळख व्हावी आणि संशोधकास साध्या भाषेत बोलता यावे, असा तिचा दुहेरी हेतू होता. सुमारे बारा वर्षांनी तिचा निधी थांबला. दक्षिणा फेलोंच्या आणि होशंगाबादच्या कथेशी हे किती जुळते! अशा योजना उत्साहाने जन्मतात, माणसे घडवितात, आणि आश्रय सुटला की थांबतात. उरतात ती घडलेली माणसे.

कैलास लेणे कोरणाऱ्या कारागिरास आपलेच काम पाहून नवल वाटले, असे ताम्रपट सांगतो. त्या कारागिराचे नाव कोठे कोरलेले नाही. त्याच्या हाताखाली दगड फोडणाऱ्या पोरांची नावे तर नाहीतच. परंतु वेरुळास जैनांची लेणी कैलासानंतर खोदली गेली, आणि त्यांतही एका खडकातून उभे कोरलेले छोटे मंदिर आहे. मोठ्या लेण्यावर हात बसलेल्यांची विद्या पुढच्या पिढीच्या हाती उतरली होती, याची ही साक्ष. राजाचे दान त्या कामास लागलेच. पण जाणत्याने नवख्याला आपल्या शेजारी जागा दिली, म्हणून ती विद्या एका पिढीबरोबर संपली नाही. शाळेतील शास्त्रशिक्षणाचा प्रश्नही अखेर एवढाच आहे, की वर्गातल्या त्या शेजारच्या जागेवर कोणाला बसू द्यावयाचे.